अकरावा दिवा

मुलीचा फोन आला तेव्हा तो वाचनालयात शिडीवर होता, दातात वायर धरून. “बाबा, शिडीवर असाल तर आधी खाली उतरा,” ती म्हणाली. तेवढ्यावरूनच त्याला कळलं, बायको गेली. तो उतरला आणि तोंडातली वायर काढली.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा त्याच शिडीखाली उभा होता. हातात तिनं काढलेला नकाशा. लग्नापासून त्यांचं असंच चाललं होतं. दिवे कुठे लावायचे ते तिनं ठरवायचं, वायर त्यानं ओढायची. तिची तऱ्हाच वेगळी. रिकाम्या खोलीत चटई टाकून उताणी झोपायची आणि छताकडे बघत नकाशा काढायची. त्यामुळे कागदावर जे डावं, ते खोलीत उजवं. दुसरा वायरमन फसलाच असता. हा मात्र कागद पालटून खिडकीच्या उजेडात धरायचा, की झालं.

पण या वेळी ती फार थकली होती. तिनं झोपून काढलं की बसून, हे त्यानं बघितलंच नव्हतं. तो बाहेर मीटरची पेटी बसवत होता.

दहा दिव्यांचं काही अडलं नाही. टेबलांच्या दोन रांगा, दोन्हीकडे पाच-पाच, कागद कसाही धरा. घोडं अडलं अकराव्यावर. सरळ वाचलं तर तो दाराच्या उजवीकडच्या कोपऱ्यात, ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर येत होता. पालटून वाचलं तर डावीकडच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं. आणि उद्या वायरी झाकून छत बंद करायला माणसं येणार होती.

“माझ्याच टेबलावर असणार,” बाई म्हणाल्या. “रिकाम्या कोपऱ्यात दिवा कोण लावतं?”

“ती लावायची. आणि थेट डोक्यावर दिवा तिला चालायचा नाही. माणूस चोरासारखा दिसतो म्हणायची.”

“म्हणजे मी चोर?”

“तसं नाही हो, बाई. त्या दिवशी तुम्ही इथेच होतात ना? ती झोपून काढत होती का?”

बाईंनी आठवून बघितलं. “आधी खुर्ची मागितली. त्या डावीकडच्या कोपऱ्यातच बसल्या होत्या. मी पाणी आणायला गेले, परत येते तर चटईवर. दम लागला म्हणाल्या.”

“आणि कागद?”

“छातीवर होता. तेव्हा काढून झाला होता की नाही, देव जाणे. भाऊ, दोन्हीकडे लावा आणि मोकळे व्हा.”

त्यानं नकारार्थी मान हलवली. दिवा कुठे नको हे कळणं म्हणजेच काम, असं ती सांगायची. तो खाली बसला, मग सरळ फरशीवर उताणा झाला आणि कागद डोळ्यांसमोर धरला. इतक्या वर्षांत हे त्यानं कधी केलं नव्हतं.

“बरं वाटत नाही का?” बाईंनी विचारलं.

“बरा आहे.”

तिलाच विचारावं म्हणून त्यानं खिशातून फोन काढला, आणि परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी छत बंद झालं. दहा दिवे लागले. बंद छताच्या वर, दोन्ही कोपऱ्यांपर्यंत पोचेल एवढी वायर त्यानं गुंडाळून ठेवली आहे. अकराव्या दिव्यासाठी छताला भोक अजून पाडलेलं नाही.