सौ. यमुनाबाईंचा फिरकीचा तांब्या

मी फिरकीचा तांब्या बोलतोय. हो, तोच, प्रवासात पाणी न्यायचा, फिरवून लावायच्या झाकणाचा. आज मला गप्प बसवतच नाही, म्हणून ऐका!

मी अकोल्याच्या भांड्यांच्या दुकानातला. १९७४ साली यमुनाबाईंच्या लग्नात त्यांच्या मामांनी मला आहेर म्हणून दिलं. दुकानदाराने टकटक करत माझ्या पोटावर नाव कोरलं: 'सौ. यमुनाबाई यांस मामाकडून.' लग्नानंतर आम्ही हडपसरला आलो. दर उन्हाळ्यात अकोल्याची गाडी, खिडकीजवळची जागा आणि माझ्यातलं पाणी. एक थेंब कधी सांडू दिला नाही मी.

मग नव्वदनंतर बाटलीतलं विकतचं पाणी आलं. लोक पाणी पिऊन बाटल्या फेकायला लागले आणि मी माळ्यावर गेलो. दहा वर्षं! सोबतीला बंद पडलेला मिक्सर, तोही अबोल.

यमुनाबाईंची मुलगी पूर्वा हॉटेलचं शिकली आणि हिंजवडीतल्या एका नव्या हॉटेलात बारमध्ये लागली. यमुनाबाई शेजारच्या शकूला सांगायच्या, ती हॉटेलच्या ऑफिसात आहे. बार हा शब्द त्यांनी घरातसुद्धा कधी उच्चारला नाही. पूर्वा बोलायची नाही, पण तिला ते लागायचं. माळ्यावरूनही कळायचं मला.

२००५ च्या डिसेंबरात हॉटेलात परीक्षा ठरली. लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली द्राक्षांची ब्रँडी घेऊन कॉफीचं नवं पेय करायचं. ज्याचं पेय जमेल त्याच्याकडे बारचा कारभार. कॉफी घरून आणली तरी चालेल. त्या दिवशी पूर्वा सकाळपासून नुसत्या येरझारा घालत होती. शेवटी यमुनाबाई म्हणाल्या, कॉफी तेवढी मी करते. बिनदुधाची कॉफी म्हणजे काढाच, असं पुटपुटत त्यांनी ती केली, गार केली, आणि बसमध्ये सांडू नये म्हणून मला माळ्यावरून काढून, घासून, माझ्यात भरली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

हिंजवडीला पूर्वाने झाकण फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. कॉफीला जायफळाचा घमघमाट! जायफळ किसून घातल्याशिवाय आमच्या घरात कॉफी होतच नाही. यमुनाबाईंचा हात सवयीने चालला होता. नवी करायला वेळ नव्हता. परीक्षा घेणाऱ्या अनिरुद्ध साहेबांनी तिचंच नाव पुकारलं होतं.

तिने काउंटरवरच्या, पेयं हलवून मिसळायच्या चकचकीत शेकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि ब्रँडी, बर्फ, सगळं माझ्यातच घालून झाकण आवळलं! मग जे काही हलवलंय मला! बर्फ अंगावर आदळतोय, कॉफी फेसाळतेय, द्राक्षं आणि जायफळ एकमेकांत मिसळताहेत, मी गारठलोय, पण थेंब सांडत नाही. पेल्यात ओतलं तर वर दोन बोटं फेस.

साहेबांनी घोट घेतला. पुन्हा घेतला. मग मला उचलून नाव वाचलं.

"या यमुनाबाई कोण?"

"माझी आई," पूर्वा म्हणाली. "कॉफी तिनेच केलीय."

बार पूर्वाला मिळाला. पेयाचं नाव कार्डावर छापलं: 'यमुनाबाई'.

ते कार्ड आणि मला घेऊन ती घरी आली आणि भीतभीतच कार्ड आईपुढे ठेवलं. यमुनाबाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"माह्या नावातलं सौ. काहून गाळलं?"

एवढंच म्हणाल्या आणि कार्ड घेऊन शकूच्या दारात गेल्या. "माही पोरगी बार चालवते," हे मी स्वतः ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला लख्ख घासून पूर्वाच्या पिशवीत ठेवलं. आता माझी जागा काउंटरवर. कार्डही नव्याने छापलंय. या कधीतरी, मागवताना मात्र पूर्ण नाव घ्या.