इकडचं तिकडे

बायको गेली त्या सकाळी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून शिंपी मुलाला एवढंच म्हणाला, "ग्रुपवर टाक." मुलाने टाकलं. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. धाकटा भाऊ आला नाही.

तो आला तिसऱ्या दिवशी. दारातच थांबला.

"दादा, वहिनी गेली हे मला गिऱ्हाइकाच्या तोंडून कळावं?"

"ग्रुपवर टाकलं होतं."

"कुठल्या?"

दोन वर्षांपूर्वी, निवडणुकीच्या दिवसांत, भावाने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता. शिंप्याने सगळ्यांदेखत त्याला 'विकला गेलेला' म्हटलं. भाऊ बाहेर पडला, त्याने दुसरा ग्रुप काढला आणि निम्मं घर उचलून नेलं. वडिलांच्या घराच्या वाटणीत ज्यांच्या तोंडून ब्र निघाला नव्हता, ती माणसं दीड मिनिटाच्या व्हिडिओवरून फुटली. तेव्हापासून इकडचे तिकडच्यांना 'ते लोक' म्हणत. तिकडेही तेच. दोन्हीकडे राहिली ती एकटी शिंप्याची बायको. म्हणायची, "मला काजं-बटणं कळतात, तेवढं पुरे."

"एका फोनला महाग झालात?" भाऊ म्हणाला.

शिंप्याने थोरल्या बहिणीला हेच विचारलं होतं. ती सहज म्हणून गेली होती, "तिकडे नेहमी वहिनीच कळवते ना." मग तिला आपण काय बोललो ते समजलं आणि तोंडाला पदर लावून ती आत गेली.

शिंप्याने मशीनच्या खणातून बायकोचा फोन काढून भावासमोर धरला. "वाच. मी काल वाचलं."

भाऊ वाचू लागला. आत्याचं ऑपरेशन नीट झालं, हे तिकडून इकडे. भाच्याला नोकरी लागली, हे इकडून तिकडे. कोण म्हणालं ते नाही, कुणाचा टोमणा नाही. शिव्या तिने तिथल्या तिथेच ठेवल्या होत्या. एका ठिकाणी भाऊ थांबला.

"मला ताप होता तेव्हा डबा आला, तो—"

"तुझी बायको तिकडे लिहिते, हिला इकडे कळतं. मला ही म्हणाली, शेजारणीला देते."

भावाने डोळे पुसले. "तिकडच्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. हिच्याच फोनवरून टाकायचं का?"

"तिच्या मरणाची बातमी तिच्याच नंबरावरून? वेडा आहेस का? तू टाक."

"आणि मला परत कधी घेणार?"

"काढलं कुणी? तूच गेलास."

"म्हटलं कुणी, दादा?"

शिंप्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं, दोन वर्षं घोटलेलं. पण बायको काजं करायला बसायची त्या समोरच्या रिकाम्या स्टुलावर नजर गेली, आणि ते त्याने गिळलं.

"मी म्हटलं. चुकलो," तो म्हणाला. "पण म्हटलं चारचौघांत, आणि हे बोलतोय बंद घरात. ते काही बरोबर नाही."

"मग लिही की तिथे."

"लिहीन."

भावाने बातमी तिकडे टाकली. संध्याकाळी ते लोकही आले, चटईच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि गेले.

याला महिना झाला. भांडणाआधी भावाने शिवायला दिलेला कोट खुंटीवर आहे, त्याची काजं व्हायची आहेत. ग्रुप अजून दोनच आहेत. ते एक वाक्य शिंप्याने अजून लिहिलेलं नाही.