तिसरी किल्ली

"काका, किल्ल्या किती घासल्या?" शिवणवालीनं विचारलं.

"दोन," मी म्हटलं. तिसरी माझ्या खिशात होती.

चाळीस वर्षांची सवय हो. कुलूप बसवलं की एक जास्तीची घासून आपल्याकडं ठेवायची. माणसं वेंधळी, हरवतात आणि माझंच दार ठोठावतात.

"कानस तीनदा थांबली," ती हळूच म्हणाली. "मी ऐकत होते."

समुद्राकाठच्या त्या घरात मला संस्थेच्या ताईंनी बोलावलेलं. हॉटेलांत उतरणाऱ्या पाहुण्यांपुढं ज्यांना लहानपणी ढकललं, ती आता मोठी झालेली माणसं तिथं यायची. कुणी बोलायला, कुणी नुसती बसायला. शिवणवाली पंचेचाळिशीची, वरच्या खोलीत राहायची. ताई जिन्यात म्हणाल्या होत्या, "ती पाठ टेकून झोपतच नाही, काका. दाराकडं तोंड करून खुर्चीत बसते. ती नऊ वर्षांची असताना हॉटेलच्या मॅनेजरकडं सगळ्या खोल्यांना लागणारी एकच किल्ली होती."

तसल्या किल्ल्या मीपण घासल्यात. कुणाचं दार उघडणार, कधी विचारलं नाही.

तिसरी काढून तिच्या हातावर ठेवली. "चुकलो, बाई."

"आणि माझ्या हरवल्या तर?"

"तर दार फोडू. नवं बसवू. म्हातारा अजून दहा वर्षं तरी मरत नाही."

ती हसली, जराशी. मग म्हणाली, "मी आत जाते. तुमच्याकडच्या सगळ्या लावून बघा."

दार लागलं. दुपार नुसती पेंगत होती. जिन्याच्या भिंतीवर पाण्याचा उजेड मासोळ्यांसारखा सळसळत होता. मी जुडगा काढला. एकेक किल्ली लावायची, फिरवायची, काढायची. किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझं अख्खं आयुष्य त्या भोकात जाऊन परत येत होतं.

शेवटची हातात आली, तसा मी थांबलो.

"का थांबलात?" आतनं आवाज.

"ही हॉटेलची आहे. जुनी. सगळ्या खोल्यांची."



"लावा."

लावली. फिरवली. नाही फिरली.

"अजून एकदा."

नाही फिरली.

आत खुर्ची सरकली. मग खाटेच्या फळ्या करकरल्या, अंग टाकल्यावर करकरतात तशा. मी हाक मारणार होतो, तेवढ्यात श्वास ऐकू आला. संथ, लांब.

मी पायरीवर बसलो. जुडगा वाजू नये म्हणून दोन्ही मुठींत धरून ठेवला.