बाजूला व्हा, घरवाल्यांनो

पाचवा दिवस होता आणि बतूलचं पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं, सूर्यास्ताच्या अजानपर्यंत पोरीला शी झाली नाही तर मोठ्या इस्पितळात न्या, भूल देऊन काढावी लागेल. अडीच वर्षांची चिमुरडी आणि भूल! 

तरी माझं तोंड चालूच होतं. माझी सून आनेक हॉलंडची. तिच्याकडे म्हणे मूल आपण होऊन मागेपर्यंत डायपर बांधतात. मी माझी चार पोरं सहाव्या महिन्यापासून दोन पावलांवर बसवून, शू-शू करत वळणावर आणली, आणि हे तिला रोज ऐकवलं. शेवटी सोमवारी तिने डायपर सोडला आणि निळं प्लास्टिकचं भांडं मांडलं. त्या दिवसापासून बतूल शू करायची, शी धरून ठेवायची. माझ्या पावलांवरही नाही. बुधवारी आनेकने घाबरून परत डायपर बांधला, तर पोरीने ओढून फेकला. मोठ्या मुली डायपर बांधत नाहीत, हे मीच तिच्या डोक्यात भरवलं होतं.

दुधात भिजवलेले अंजीर झाले, चमचा चमचा ऑलिव्हचं तेल झालं. आता मी कोथिंबिरीसारख्या पार्स्लीची काडी तेलात बुडवून पोरीच्या शीच्या जागी सारायला उठले. आनेक आडवी आली. आमच्याकडे सासूला मानाने लल्ला म्हणतात, तीही म्हणते.

"लल्ला, तिला हात लावायचा नाही."

"तुझ्या नवऱ्यालाही हेच केलंय मी. मेला का तो?"

"तिला दुखेल. आणखी घाबरेल."

"आणि इस्पितळात काय गोंजारणार आहेत?"

आनेक मटकन खाली बसली. "चुकलं माझं. तिची तयारी नव्हती, मी घाई केली," म्हणाली आणि रडायला लागली. हे ऐकायला मी अडीच वर्षं टपलेले, पण गोड काही लागलं नाही.

चुलीवर चणे उकळून सांडायला लागले होते. मी ते उपसले आणि उकळतं पाणी घेऊन अंगणाच्या कोपऱ्यातल्या संडासात गेले. भोकाशी वाकून, खाली राहणाऱ्या जिनांना नेहमीसारखं म्हटलं, "बिस्मिल्ला. घरवाल्यांनो, बाजूला व्हा, भाजाल."

"आज्जी, नको!" बतूल मागे उभी, पाय आवळून. "त्यांना लागेल!"

"अगं, सांगितलं ना मी. सरकले ते."

"आई नाही सांगत. भांडं त्यांच्या अंगावर ओतते. माझी शी पडली तर ते रागावतील."

"मग शू करतेस ती?"

"शू थोडीशी असते."

मी पातेलं खाली ठेवलं. डायपर कचऱ्यात जायचे. भांडं मात्र या भोकात रिकामं व्हायचं. पन्नास वर्षं मी इथे परवानगी मागतेय, मागे कोण ऐकतंय हे कधी बघितलं नाही.

"काय म्हणाली ती?" आनेकने ओरडून विचारलं. आमची बोली तिला अर्धीच कळते. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती, आणि दोष तर तिने आधीच अंगावर घेतला होता. खरं सांगते, क्षणभर मोह झाला.

"तुझं नाही, माझं चुकलंय," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं.

वाटलं, आता ही हसेल, नाहीतर किंचाळेल. तिने घड्याळाकडे पाहिलं. वीस मिनिटं उरली होती.

"परवानगी कशी मागायची? मला शिकवा."

मी शिकवलं. ती भोकाशी वाकून तिच्या मोडक्या उच्चारांत म्हणाली. मग मी भोकाकडे बघून म्हणाले, "पोर लहान आहे. तिचं जे पडेल ते माझ्या माथी मारा, तिच्या नाही." बतूलला पावलांवर घेतलं. आनेकने तिचे हात धरले.

"बाजूला व्हा," बतूल पुटपुटली.

काहीच होईना. मशिदीच्या भोंग्यात खरखर झाली. बतूल लालबुंद झाली, किंचाळली, आईचा अंगठा घट्ट पकडला. मी तिच्या कानाशी शू-शू करत राहिले. अजान सुरू झाली, आणि माझ्या पावलांवर धरलेलं ते अंग एकदम सैल पडलं.

बतूलने मागे वळून भोकात पाहिलं. "लागलं का त्यांना?"

"नाही गं. सरकले होते," माझ्याआधी आनेकच बोलली, आमच्या बोलीत. चार शब्दांत तीन उच्चार चुकले. पहिल्यांदाच मी ते सुधारले नाहीत.