बरणीतली पांढरी बुरशी

मित्रांनो, बुरशीचे नाव काढले की तुम्ही नाक मुरडता. मी तीच, काचेच्या बरणीतली जुनी पांढरी बुरशी. तरीही माझे ऐकून घ्या. माझ्याकडे आता फार वेळ नाही.

मला एका शेतकऱ्याने वाढवले. गाव त्यांना 'कुजकट काका' म्हणे, आणि त्यावर सगळ्यांत जास्त तेच हसत. पीक निघाले की ताटे, काड्या, पाला यांचा ते कमरेइतका ढीग रचत, पाणी शिंपडत आणि ढिगातली वाफ ओसरली की मला त्यात मिसळत. कोयत्याला दाद न देणाऱ्या काड्यांचे मी तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत करत असे. आजूबाजूचे लोक काड्या पेटवून देत. आमच्या शेतातून कधी धूर निघाला नाही.

दर महिन्याला ते धान्य शिजवून निववत, त्यावर मला चिमूटभर पेरत आणि बरणीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावत. लेकीला सांगत, "हिला हवा लागते बरं का, तुझ्यासारखीच. कोंडलं की गुदमरते."

मग ते गेले. लेक घरी आली. त्यांनी भरलेली एकच बरणी फळीवर उरली होती. लेकीने बोळा काढला, झाकण घट्ट फिरवले आणि मला त्यांच्या चष्म्याशेजारी ठेवले. रोज ती बरणी पुसायची.

"अगं, बरणी आहे ती, फोटो नव्हे," आत्या म्हणाली. "खायला घाल तिला."

"बाबांच्या हातचं शेवटचं आहे गं. मी नाही उघडणार."

"मग काय, फळीवर ठेवून म्हातारी करणार?"

लेक हसली नाही.

मित्रांनो, इतकी माया मला कुणीच लावली नव्हती. मी आधी धान्यातला कस संपवला, मग हवा. पिवळी पडले.

पीक निघाले, ढीग रचला गेला. तेव्हा कुठे तिने झाकण उघडले. आंबूस वास आला. तिने घाईने धान्य शिजवले, मला पेरले. दहा दिवस ती नवी बरणी उजेडाला धरून पाहत होती. दाण्यांवर काळपट हिरवे काहीतरी धरले. ते मी नव्हते.

शेजारी कुंपणापाशी आला. "ताई, आमचं पेटवतोय. तुमचाही ढीग घेऊ का त्यात?"

तिने ढिगाकडे पाहिले. मग म्हणाली, "घ्या."

जुन्या बरणीच्या तळाशी चार दाणे आहेत. मी असलेच तर त्यांतच. मित्रांनो, कुणी तुमच्या हाती काही जिवंत सोपवून गेले, तर ते नुसते जपून ठेवू नका. त्याला खायला घाला.