बाज कोनं काहाळली?

बाळंतिणीची बाज भरदिवसा अंगणात नेऊन उभी करणारा नवरा शिरपूरच्या शिवारात चंपतच पहिला. रीत अशी, की सुईण बाज उचलत नाही तोवर नवऱ्यानं त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. लेकाच्या हे ध्यानात राहावं म्हणून त्याची माय प्रयागबाई उंबऱ्यालाच आडवी निजत असे. चंपत पार कातावला होता. मळ्यात मोट हाकताना बैलांवर उगाच खेकसे आणि वांगी तोडताना फुलंही तोडी.

त्या दिवशी माय वांगी घेऊन बाजाराला गेली आणि ह्यानं डाव साधला. त्याची बायको हौसाबाई लेकराला घेऊन परसात गेली, तेवढ्यात बाज बाहेर! ती परत येऊन पाहते तो खोली मोकळी, आणि नवरा दारात मिशीत हसतोय.

"बाज उठली," तो म्हणाला. "आता मले कोन अडवते?"

"असं काय करता जी?"

हौसेला हसू आलं, तरी ती लेकराला घेऊन दोन पावलं मागं सरली. नवरा तिला नकोसा नव्हता. पडल्यापडल्या ती त्याच्या खाकरण्याची वाट पाहत असे. पण बाळंतपण अवघड गेलं होतं, उठता-बसता अजून कळ जाई. हे सांगावं कसं? बाईनं असलं बोलायचं नसतं, एवढंच तिला शिकवलेलं.

नेमकी तेव्हाच तेलाची वाटी घेऊन रामीबाई सुईण आली. अंगणात बाज पाहून तिनं कमरेवर हात ठेवले.

"बाज कोनं काहाळली?"

"म्या!" चंपत छाती काढून म्हणाला.

म्हातारीनं हौसेकडे पाहिलं. हौसेनं खाली बघत हळूच मान हलवली, नाही म्हणून. म्हातारीला तेवढं पुरे झालं.

"मंग रीत पुरी कर गड्या. सुईनीबिगर जो बाज उचलते, त्यानं त्याच बाजेवर निजून धुरी घ्या लागते. नाई त लेकराचं पोट दुखते."

अशी रीत कुण्या गावात नव्हती. पण लेकराचं नाव निघालं. चंपत बाज टाकून तिच्यावर आडवा झाला. रामीबाईनं खाली निखारे सरकवले, वर ओवा-शेपा टाकल्या, जुन्या लुगड्यानं त्याचं पोट करकचून बांधलं आणि कडू काढा घशात ओतला.

"माय वं! मेलो!"

"ती रोज घेते. अन तुह्यं त काई फाटलंबी नाई! बैलाचा खांदा सोलला त जू ठेवतं का त्याच्यावर?"

"नाई."

"खांदा बरा झाला, हे कोन सांगते?"

"बैलच सांगते. हात लावला का आंग चोरते, नाई त उभा राह्यते."

"मंग बायकोले इचारलं का?"

चंपतनं दाराकडे मान वळवली. दारात पदर तोंडात धरून हसणाऱ्या हौसेला कुठून धीर आला कोण जाणे. "दुखते जी मले अजून," ती सरळ बोलली.

इतक्यात रिकामी टोपली घेऊन प्रयागबाई आली. बाजेवर पोट बांधलेला लेक पाहून ती घाबरलीच.

"रामे, ह्याले काय झालं व?"

"अजून काई झालं नाई," रामीबाई म्हणाली. "कळा येऊन राह्यल्या."

बाज आत गेली. चंपत रोज सांजच्याला उंबऱ्याबाहेर बसून बायकोशी बोलू लागला. मळ्यातलं, गावातलं, काहीबाही. मायनं डोळा लागल्याचं सोंग घ्यावं आणि सगळं ऐकावं.

शेतातला हरभरा सोंगून झाला. एका सकाळी मोट हाकता हाकता चंपतला दुरून अंगणात बाज उभी दिसली. तो पळतच घरी आला.

"बाज कोनं काहाळली?"

"म्या!" हौसा पदर खोचत म्हणाली.

त्यानं उंबऱ्यावर पाय ठेवला, आणि मागे घेतला.

"येऊ का?"

लग्न झाल्यापासून हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो प्रश्न हौसेनं जरा वेळ तसाच राहू दिला, तिला तो फार गोड वाटला.

"या," ती म्हणाली. "पन पयले बैल सोडून या जी. जू खांद्यावरच हाये त्याईच्या."