धुतलेली जांभळं

पार्वतम्मानं फ्रिज उघडला आणि डबा बाहेर ओढला. काल डबा गच्च भरून ठेवलेली जांभळं घामेजली होती, तळाशी पाणी साचलं होतं आणि वरची काही तर पार फुटली होती.

"अय्यो देवरे! आता पोरीला काय देऊ?"

पोर म्हणजे श्रीदेवी. दिवस गेल्यापासून तिकडं पुण्यात तिच्या पोटात अन्न म्हणून टिकत नव्हतं. सलाईनसुद्धा लावून झालं. परवा फोनवर आईला एवढंच म्हणाली, "अव्वा, आपल्या बांधावरची जांभळं खावीशी वाटतात गं." ती उद्या मंद्रूपला माहेरी येणार होती, आणि झाडावर आता औषधालाही जांभूळ उरलं नव्हतं.

मागून नवरा डोकावला. "धुतलीस व्हय?" रुद्रप्पानं विचारलं.

"मग? धुऊन लिंगाला निवद दाखवल्याबिगर कुणाच्या तोंडात घालू?"

"देवाला मूठभर पुरली असती की! सगळी पाटी कशाला धुवायची? द्राक्षाच्या हंगामात दव वाळल्याबिगर घडाला हात लावू देत न्हाईस कुणाला, अन् हितं ओलीच डब्यात कोंबलीस..."

खरंच की! बागेत बायांवर डाफरणारी आपणच, आणि घरात आलं की अक्कल गहाण. पार्वतम्माला रडूच फुटलं. रुद्रप्पा एकदम नरमला. त्यानं आपलं धुवट धोतर पलंगावर पसरलं आणि फॅन जोरात सोडला.

"डाग पडतील," ती नाक ओढत म्हणाली.

"पडू दे. पोरीपरास धोतर मोठं हाय व्हय?"

दोघांनी फुटकी वेगळी काढली, चांगली टिपून धोतरावर पसरली. पार कोरडी झाल्यावर कागद घातलेल्या टोपलीत पातळ थर देऊन फ्रिजमध्ये ठेवली. मग पार्वतम्मा दिवसभर दार उघडून बघायची आणि रुद्रप्पा ओरडायचा, "अगं, बंद कर, गरम होतील ती!"

दुसऱ्या दिवशी श्रीदेवी आली ती भिंत धरतच. डोळे खोल गेलेले. टोपलीत निम्मीच जांभळं राहिली होती, पण होती ती टवटवीत. पार्वतम्मानं चिमूटभर मीठ लावून वाटी पुढं केली. पोरीनं एक खाल्लं, दुसरं खाल्लं. नवराबायको श्वास रोखून तिच्या तोंडाकडं बघत बसली. वाटी संपली तरी उलटी झाली नाही. जरा वेळानं श्रीदेवी आपणहून स्वयंपाकघरात आली.

"अव्वा, भाकरी हाय का गं?"

पार्वतम्माचा जीव भांड्यात पडला. तिनं घाईघाईनं तवा ठेवला आणि तिथूनच ओरडली, "अवो, ऐकलं का? पोरगी भाकरी मागतीया!"